ऊसतोड टोळीत क्षयरोगाचं सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

दसरा-दिवाळी उरकली की बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. हल्ली त्यांच्या मागोमाग टॅब घेतलेली पोरंही फडात पोचतात. कुणी सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी, कुणी संस्थेचा कार्यकर्ता. क्षयरोगावर अभ्यास होतो, अहवाल येतो आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: 'समाजात जागरूकता कमी असून लोक माहिती लपवतात.' लपवतात हे खरं. पण कुणासमोर लपवतात आणि का, हे बघायला गेलं तर चूक बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या पदरात पडते.

मुकादमाच्या हातून आत शिरणं

टोळीत जायचं तर मुकादमाला, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराला, भेटावंच लागतं, त्याला पर्याय नाही. घोळ होतो तो त्यापुढे. मुकादम म्हणतो, "विचारा की, माझीच माणसं हायेत," आणि आपण त्यालाच परवानगी समजून बसतो. ज्याने उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) दिली आहे, ज्याच्या वहीत खाड्याचे (बुडालेल्या दिवसाचे) पैसे कापले जातात, तो शेजारी उभा असताना कुठला मजूर म्हणेल की मला महिन्यापासून खोकला आहे? आजारी कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) म्हणजे पुढच्या हंगामाची उचल कमी, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मुकादमाला भेटा, चहा घ्या, काम काय ते सांगा आणि मुलाखतीच्या वेळी तो तिथे नसेल अशी सोय करा.

'क्षयरोग शोध मोहीम' असा फलक लावलेली जीप थेट कोप्यांपुढे, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांपुढे, उभी करू नका. ती ज्या कोपीसमोर दहा मिनिटं थांबली, त्या घरात टीबी आहे असं संध्याकाळपर्यंत तळभर होतं. बाईशी बोलताना सासू किंवा नवरा कोपीच्या दारात बसलेला असला तर ती मुलाखत झालीच नाही असं समजा.

वेळेचंही तसंच. टोळी पहाटे अंधारात फडात जाते आणि गाडी भरायची वेळ कारखाना ठरवतो, आपण नाही. दुपारी अकराला तळावर गेलात तर म्हातारी माणसं आणि पोरं भेटतील.

अंगठा म्हणजे संमती नव्हे

2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी) लस देण्याचा एक अभ्यासप्रकल्प सुरू झाला. 2010 च्या एप्रिलमध्ये तो थांबवावा लागला. पुढे चौकशीत दिसलं, की कित्येक संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. मुली बहुतेक गरीब घरच्या, बऱ्याचशा आदिवासी. लस कशी होती हा वेगळा विषय, संमती मात्र संमती नव्हती. संसदेच्या स्थायी समितीने 2013 मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. मुकादमाने डोलावलेली मान आणि वॉर्डनची सही यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. व्यक्ती निरक्षर असेल तर निःपक्ष साक्षीदार हवा, आणि तो माहिती सांगितली जात असताना हजर हवा. अंगठा उमटल्यावर हाक मारून बोलावलेला शेजारी चालत नाही. साक्षीदार टोळीतलाच घेतला तर तो मुकादमाचा भाचा निघतो, म्हणून गावातली आशाताई किंवा शाळेतल्या बाई बघा. बुडालेल्या वेळेचे पैसे द्यायला हरकत नाही, द्यावेतच. फक्त रक्कम खाडा भरून निघेल इतकीच ठेवा आणि नैतिकता समितीला आधी दाखवा.

कोण सापडलं, त्यावरून सगळ्यांचा अंदाज

जानेवारीत गावाकडे जाऊन घरोघर सर्वेक्षण केलं तर धडधाकट माणसं गावात नसतातच. उलट फक्त कारखान्याजवळच्या मोठ्या तळांवर गेलात तर बैलगाडीवाल्या टोळ्या भेटतात आणि दूर फडाच्या कडेला उतरलेल्या ट्रॅक्टर-ट्रकवाल्या निसटतात.

या चुकीने केवढा फरक पडतो, त्याचं उदाहरण एचआयव्हीचं आहे. 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारतात सुमारे 57 लाख लोकांना एचआयव्हीची लागण होती. 2007 मध्ये हाच आकडा 25 लाखांवर आला. साथ एका वर्षात निम्म्यावर आली नव्हती. आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांतल्या ठरावीक केंद्रांवर येणाऱ्या लोकांवरून बांधला होता. 2005-06 च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघर जाऊन लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा चित्र बदललं. दवाखान्यात येणारी माणसं म्हणजे सगळी माणसं नव्हेत, एवढीच गोष्ट, पण ती निस्तरायला देशाला कित्येक वर्षं लागली.

खोकल्यावरच गाडी अडणं

'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?' या प्रश्नाला 'नाही' आलं की पुढचे प्रश्न गाळायचे, अशी रचना अजूनही प्रश्नावल्यांत दिसते. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुमारे 43 टक्के रुग्ण निसटले असते. लक्षणं विचारून ते सापडलेच नसते. तेव्हा हाती धरायचं एक्स-रे यंत्र मिळत असेल तर त्यासाठी भांडा, प्रश्नावलीची चार पानं कमी झाली तरी चालतील.

त्यात फडातली परिस्थिती वेगळीच. पाचटाची धूळ, चुलीचा धूर आणि तंबाखू यांमुळे खोकला इतका रोजचा झालेला असतो की त्याला कुणी आजार म्हणत नाही. वजनही हंगामात सगळ्यांचंच उतरतं. 'गेल्या सहा महिन्यांत वजन घटलं का?' असं विचारून काही हाती लागत नाही, वजनकाटा न्या. काळ विचारायचा तर तिथल्या खुणा धरा, म्हणजे पट्टा पडणं (हंगाम संपणं) किंवा सण. 'मागच्या साली पट्टा पडला तवा हा खोकला होता का? मग पोळ्याला?' असं विचारलं की मावशी बरोबर आठवून सांगतात.

याच राष्ट्रीय सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. त्यांतल्या बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केल्याचं सांगितलं. 'दुर्लक्ष' हा पर्याय निवडून पुढे जाऊ नका. दवाखान्यात गेलं तर किती खाडा पडतो, सोबत कोण येतं, पोरं कुणाकडे ठेवायची, हे विचारा. अभ्यासाचा खरा ऐवज तिथे आहे.

बेडक्याऐवजी लाळ

डबी हातात देऊन 'थुंका यात' म्हटलं की लाळच येते. आधी चूळ भरायला सांगा, मग दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन पोटातून खोकायला. घट्ट, पिवळसर बेडका हवा, किमान 2 मिली. नमुना उघड्यावर, बाकीच्यांपासून लांब घ्या, कोपीत नको. नाव झाकणावर लिहू नका, डबीवर लिहा. प्रयोगशाळेत झाकणं बदलली की माणसंही बदलतात. एक नमुना जागेवर, दुसरा पहाटेचा. पहाटेची डबी रात्रीच देऊन ठेवावी लागते, कारण तुम्ही उठायच्या आत टोळी गेलेली असते. उशीर होणार असेल तर शीतपेटी हवी. बेडक्यातले क्षयाचे जंतू शोधणारं, गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातच तपासणी उरकता येते. जवळच्या कोणत्या केंद्रात ते चालू आहे आणि त्याच्या चिप शिल्लक आहेत का, हे निघण्याआधी फोनवर विचारा.

आकडे बोलतात, तेव्हा

कोबो किंवा ओडीकेवर (टॅबवर प्रश्नावली भरायच्या प्रणालींवर) रोज संध्याकाळी माहिती उघडून बघा, महिन्याअखेरीस नाही. काही खुणा ओळखीच्या आहेत. सगळ्यांची वयं 30, 35, 40 अशीच आली असतील तर मुलाखत घेणारी पोरं अंदाजे लिहीत आहेत. नकार शून्य असेल तर आनंदून जाऊ नका, लोकांना नाही म्हणता येतं हे त्यांना सांगितलेलंच नसतं. चाळीस प्रश्नांची मुलाखत सात मिनिटांत संपली असेल तर कोण कुठे बसून भरत होतं ते जीपीएसवर दिसेल. एकाच मुलाखतकाराकडे दारूच्या प्रश्नाला सगळी उत्तरं 'नाही' असतील तर त्याला रागावण्याआधी दोन मुलाखती त्याच्याबरोबर बसून ऐका. बहुतेक वेळा तो 'दारू नाही ना पीत?' असं विचारत असतो.

अहवालात तक्ते करताना जपा. गाव, जात, लिंग आणि वय असे चार रकाने एकत्र आले आणि चौकटीत '1' आला, की ती बाई कोण हे गावाला कळलंच. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे. टीबीच्या बाबतीतही तेवढीच काळजी घ्या.

निदान करून निघून जाणं

नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा आणि गळीत हंगाम त्याहून लहान. म्हणजे फडात निदान झालेल्या माणसाच्या गोळ्या बहुतेकदा दुसऱ्याच जिल्ह्यात संपणार. निक्षय क्रमांक (सरकारी क्षयरोग नोंदणीचा नंबर) कार्डावर लिहून त्याच्या हातात द्या, घरी परतल्यावर तो कुठे दाखवायचा ते नाव घेऊन सांगा आणि त्याच्या गावच्या क्षयरोग पर्यवेक्षकाला तुम्ही स्वतः फोन करा. पोषणासाठी महिना 1000 रुपये मिळतात, पण खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ते अडकतात. ते त्याच दिवशी तपासा, बायकोचं खातं चालतं का तेही विचारा. संपर्कासाठी मुकादमाचा नंबर घेऊ नका. गावी राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा घ्या, आणि फोन केल्यावर काय बोलायचं ते रुग्णालाच विचारून ठेवा.