पेट्रोल इंजिन ट्यून करताना या चुका टाळा: सुईला हात शेवटी लावा

मॉडेल विमानाचं २० ते ५५ सीसीचं पेट्रोल इंजिन नीट चाललं नाही की सगळा दोष कार्ब्युरेटरच्या सुयांवर (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूंवर) जातो. बिघाड बहुतेक वेळा टाकीत, नळीत नाहीतर इग्निशनच्या बॅटरीत असतो. तरी नवा माणूस आधी स्क्रू ड्रायव्हरच उचलतो, आणि याचाच मला सर्वांत जास्त त्रास होतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मैदानावर एक तरुण ३० सीसीचं नवं विमान घेऊन आला. आयडल (थ्रॉटल बंद असतानाची मंद चाल) झकास होतं. पूर्ण थ्रॉटललाही जमिनीवर ठीक, पण नाक वर केलं की आवाज बसायचा. त्याने एच सुई (जास्त वेगाची) उघडली, मग बंद केली, प्लग बदलला, पुन्हा सुई उघडली. "टाकी काढून बघ" असं मी दोनदा सांगितलं. त्याला उडवायची घाई होती. चढतानाच इंजिन बंद पडलं आणि विमान शेजारच्या ज्वारीत उतरलं. लँडिंग गिअर तुटला, फायरवॉलला (इंजिन बसवायच्या फळीला) तडा गेला.

टाकी उघडली तेव्हा आत सिलिकॉनची नळी निघाली. ती पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडली होती आणि बुचाजवळच्या पितळी नळीवर चिरली होती. विमान आडवं असताना चीर पेट्रोलात बुडालेली असायची. नाक वर झालं की पेट्रोल मागे जायचं, चीर उघडी पडायची आणि कार्ब्युरेटरचा पंप पेट्रोलऐवजी हवा ओढायचा. बाहेर एक थेंबही गळत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. पेट्रोलला टायगॉनचीच (पेट्रोलला टिकणाऱ्या प्लॅस्टिकची) नळी लावा, बूचही पेट्रोलला टिकणारं घ्या. मी दर सीझनला नळ्या बदलतो, आणि टाकी पाण्यात बुडवून फुंकून बघितल्याशिवाय विमानात बसवत नाही. इंजिन चालू असताना पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले तर सुईला हात लावू नका.

दुसरी चूक आरपीएमच्या हावेची. एच सुई आत फिरवत गेलं की आवाज चढत जातो, कानाला गोड वाटतो, आणि लोक तिथेच थांबतात. हवेत प्रॉपवरचा (पंख्यावरचा) भार कमी होतो, आरपीएम आणखी वाढतात, मिश्रण लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. तेलही पेट्रोलमधूनच येत असल्याने पिस्टन तापतो आणि जाम होतो. टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) लावून कमाल आरपीएम शोधा, मग सुई उघडून २०० ते ३०० आरपीएम खाली या. त्यानंतर मदतनीसाकडून नाक वर धरून १०-१५ सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. आवाज बसला तर अजून थोडी उघडा.

क्रमही बदलू नका. आधी एल (कमी वेगाची सुई), मग एच, मग पुन्हा एल, कारण एल सुईतून पूर्ण थ्रॉटललाही पेट्रोल जातं. सुरुवात साधारण दीड आटा (दीड फेरा) उघडून होते, पण आपल्या इंजिनाची पुस्तिका बघा. थ्रॉटल झटकन दिल्यावर इंजिन दचकून बंद पडलं तर एल लीन आहे. गुरगुरत, धूर सोडत उठलं तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एका वेळी पाव आट्याहून जास्त फिरवू नका, आणि सुई जोर लावून घट्ट बसवू नका, टोक खराब होतं. फिरवायची ती प्रॉपच्या मागून, शेपूट कुणीतरी धरलेलं असतानाच.

पेट्रोलमध्ये तेल झाकणाने अंदाजे ओतू नका. ३०:१ (पेट्रोल:तेल) म्हणजे लिटरला ३३ मिलि, मोजून. प्रॉप बदलला की ट्यूनिंग पुन्हा तपासा. मे महिन्याच्या दुपारी बसवलेली सेटिंग डिसेंबरच्या सकाळी लीन निघते, कारण थंड हवा दाट असते.

पूर्ण थ्रॉटलला तुटत चालणारं इंजिन रिचच असतं असं नाही. इग्निशनची बॅटरी उतरली तरी तसंच होतं. व्होल्टेज इंजिन चालू असताना मोजा.

पावसाळ्यात चार महिने पेट्रोल आत ठेवून विमान माळ्यावर टाकणं हीदेखील नेहमीची चूक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओलावा ओढतं. टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा. ते राहून गेलं असेल तर दसऱ्याला आधी कार्ब्युरेटर उघडून डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) दाबून बघा. कागदासारखा कडक लागला तर डायफ्रॅमचा किट बदला, आणि सुया पुस्तिकेतल्या आट्यांवर आणून ट्यूनिंग नव्याने करा.