रस्त्यावरचा पाडा घरी आणलात तर

पाडा म्हणजे गाईचं नर वासरू. पाडी असती तर कुणीतरी दावणीला बांधली असती. नांगरणीला पॉवर टिलर आल्यापासून बैलांची जोतं बंद झाली आणि पाड्याला गिऱ्हाईक उरलं नाही. आमचा बाळू असाच कुडाळच्या अलीकडे, महामार्गाच्या कडेला, मृगाच्या पावसात भिजत पडलेला सापडला.

आधी मालक शोधा. कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरच्या 12 अंकी क्रमांकावरून सरकारी गुरांच्या दवाखान्यात मालकाचा पत्ता लागू शकतो. बिल्ला नसेल तर पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीत सांगून ठेवा. उद्या कुणी ‘माझं ढोर नेलं’ म्हणून दारात उभं राहायला नको.

मग ऊब. त्याच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार असेल आणि बोट चोखत नसेल तर दूध पाजायची घाई नको. गोणपाटाने खसखसून पुसा, कोरड्या पेंढ्यात ठेवा आणि 1962 या गुरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करून डॉक्टर मागवा. बांबूच्या नळ्याने घशात दूध ओतायची आपल्याकडची रीत इथे जिवावर बेतते. दूध फुप्फुसात जातं.

चोखायला लागला की बाटली. दिवसाचं दूध वजनाच्या एक दशांश, म्हणजे 20 किलोच्या पाड्याला 2 लिटर, तेही तीन-चार वेळा विभागून आणि कोमट. पाडा उभा हवा, मान आचळाला लावल्यासारखी. तो ढुशा मारून आणखी मागतो, आपल्याला दया येते. मला आली, आणि दुसऱ्याच दिवशी बाळूला हगवण लागली. मीठ-साखरेचं पाणी पाजत दोन रात्री गोठ्यात काढल्या. दुसऱ्या आठवड्यापासून कोवळं गवत समोर ठेवा, जंताचं औषध आणि लाळ-खुरकूत, लम्पीच्या लसी डॉक्टरांना विचारून.

पावसाळ्यात पेंढा रोज बदला, नाळ आणि जखमा रोज बघा. माशी बसली की अळ्या पडल्याच. आणि मे महिन्यात फणसाखाली मोकळा सोडू नका. पिकलेले गरे पोटभर खाल्ले की पोट फुगून मोठी गुरंसुद्धा आडवी होतात.

खरी परीक्षा मात्र लाडाची. बाळू कपाळाने मांडीला ढुशी द्यायचा, आम्ही हसायचो, मोबाईलवर व्हिडिओ काढायचो. शेजारचे आबा दगडी गडग्यापलीकडून म्हणाले, “ढोर आसा तां, झील नाय तुझो.” म्हणजे ढोर आहे ते, मुलगा नाही तुझा. बाटलीवर वाढलेल्या पाड्याला माणसाची भीती उरत नाही, दोन वर्षांनी तीच ढुशी बरगडी मोडते. म्हणून कपाळाशी खेळू नका. खाजवायचं तर मानेखाली, लोंबणाऱ्या पोळीवर. ढुशी दिली की पाठ फिरवून निघून जा. वर्षाच्या आत डॉक्टरांकडून चिमट्याने खच्ची करून घ्या. आईला ते क्रूर वाटलं होतं, पण खच्ची न केलेला बैल घरात मुलं असताना ठेवायची माझी तरी हिंमत नाही.

शेवटचं म्हणजे सोबत. गोरू एकटं राहिलं की हंबरून हैराण होतं. बाळू दिवसभर आबांच्या म्हाताऱ्या गाईबरोबर कातळावर चरतो. तिन्हीसांजेला दोघं परततात. गाय सरळ गोठ्यात शिरते, बाळू गडग्यावरून मान आत टाकून उभा राहतो, आई केळीची सालं घेऊन बाहेर येईपर्यंत.