वीस बिटांच्या एडीसीचा इव्हॅल्युएशन बोर्ड: ‘एस’ सॉफ्टवेअर बसवण्यापासून भरवशाच्या एफएफटीपर्यंत

इथे उदाहरण घेतलं आहे ते ॲनालॉग डिव्हायसेसच्या एडी४०२० या एडीसीचं (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या चिपचं). वीस बिट, सेकंदाला जास्तीत जास्त १८ लाख नमुने, पूर्णपणे डिफरन्शियल इनपुट, म्हणजे दोन इनपुटांमधला फरक मोजणारं. त्याच्या इव्हॅल्युएशन बोर्डाचं (चिप आजमावून बघण्यासाठीच्या तयार बोर्डाचं) नाव इव्हॅल-एडी४०२०एफएमसीझेड आणि तो ज्या कंट्रोलर बोर्डावर बसतो तो एसडीपी-एच१. संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर म्हणजे ‘एस’. ॲनालिसिस, कंट्रोल, इव्हॅल्युएशन या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलेलं नाव. चिप दुसरी असली तरी याच कंपनीच्या बऱ्याच बोर्डांना हाच क्रम लागू पडतो, फक्त आकडे बदलतात.

खरेदीच्या आधी

एसडीपी-बी नावाचा जुना कंट्रोलर बऱ्याच प्रयोगशाळांच्या कपाटात पडलेला असतो. तो इथे चालत नाही. त्याचा कनेक्टर १२० पिनांचा आहे, आणि एडी४०२०च्या बोर्डाला १६० पिनांचा एफएमसी कनेक्टर लागतो. नावं सारखी असल्यामुळे नेमका चुकीचा बोर्ड मागवला जातो, म्हणून कोणता कंट्रोलर चालेल ते ऑर्डर देण्याआधी बोर्डाच्या पानावर बघून घ्या. त्याशिवाय एसडीपी-एच१ सोबतचा १२ व्होल्टचा ॲडाप्टर, यूएसबी केबल, विंडोज असलेला संगणक आणि इनपुटसाठी दोन सारख्या लांबीच्या कोॲक्स केबली लागतील. केबली बनवण्याआधी बोर्डावरचा कनेक्टर नीट बघा. अशा बोर्डांवर पुष्कळदा एसएमबी असतो, म्हणजे दाबून बसणारा; एसएमए आट्यांचा असतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

सॉफ्टवेअर आधी, बोर्ड नंतर

हा क्रम उलटा करू नका. बोर्ड आधी जोडला तर विंडोज स्वतःच्या अकलेने ड्रायव्हर शोधायला जातं आणि नंतर तो काढून टाकण्यात वेळ जातो. ‘एस’ इन्स्टॉल करताना एसडीपीचे ड्रायव्हर बसवू का असं विचारलं जाईल, तिथे होकार द्या. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या संगणकावर ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो माणूस जागेवर असतानाच हे काम काढा.

नुसतं ‘एस’ कोणत्याही चिपला ओळखत नाही. प्रत्येक बोर्डासाठी वेगळं प्लगइन लागतं. टूल्स मेन्यूत मॅनेज प्लगइन्स उघडा, उपलब्ध पॅकेजांच्या यादीत एडी४०२० शोधा, इन्स्टॉल करा आणि सॉफ्टवेअर एकदा बंद करून पुन्हा उघडा.

आता जोडणी. ॲडाप्टर आणि यूएसबी दोन्ही काढलेले असताना एडीसीचा बोर्ड एफएमसी कनेक्टरवर सरळ दाबून बसवा आणि स्क्रू आवळा. स्क्रू शोभेला नसतात. कनेक्टर एका बाजूने अर्धा मिलिमीटर उचललेला राहिला तरी बोर्ड ओळखला जातो, पण डेटाची एखादी ओळ तुटलेली असते आणि आलेखात एकाच आकड्याची सपाट रेघ दिसते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा हवा, निदान बोर्डाला हात लावण्याआधी अर्थिंग केलेल्या धातूला स्पर्श तरी करा. मग १२ व्होल्ट, मग यूएसबी, आणि शेवटी ‘एस’.

सुरुवातीच्या पानावर जोडलेल्या हार्डवेअरच्या रकान्यात बोर्डाचं चित्र यायला हवं. आलं नाही, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘एडीआय डेव्हलपमेंट टूल्स’ या शीर्षकाखाली एसडीपी-एच१ दिसत असेल, तर ड्रायव्हर ठीक आहे. दोष प्लगइनचा किंवा एफएमसी जोडणीचा. शीर्षकच नसेल, तर ड्रायव्हर, केबल किंवा वीज. फक्त चार्जिंगच्या तारा असलेली मोबाइलची केबल लावून तासभर ड्रायव्हरशी झगडणारे कमी नाहीत. यूएसबी हब टाळा, थेट संगणकाच्या पोर्टला जोडा.

चिपच्या पानावरच्या खुणा

बोर्डाच्या चित्रावर डबल क्लिक केलं की बोर्डाचं पान, त्यातल्या चिपवर डबल क्लिक केलं की चिपचं पान. इथे टर्बो, हाय-झेड, स्पॅन कॉम्प्रेशन वगैरे पर्याय असतात. काहीही बदललं की ‘अप्लाय चेंजेस’ दाबायचं. न दाबता पुढे गेलात, तर पडद्यावर नवी खूण आणि चिपमध्ये जुनीच मांडणी, असा प्रकार होतो.

टर्बो हा पूर्ण वेगासाठी लागतो. पुढच्या रूपांतराचा वेळ आणि मागचा डेटा बाहेर काढण्याचा वेळ यांची सांगड त्यात अशी घातली आहे, की १८ लाखांचा वेग गाठायला एसपीआयचं (डेटा बाहेर काढणाऱ्या जोडणीचं) घड्याळ किमान ७१ मेगाहर्ट्झ असलं तरी पुरतं. हाय-झेड या पर्यायाने इनपुटकडून खेचला जाणारा प्रवाह कमी होतो. संथ, म्हणजे १०० किलोहर्ट्झच्या खालच्या सिग्नलसाठी ते उपयोगी. स्पॅन कॉम्प्रेशन मात्र समजून उमजूनच लावा. त्यात इनपुटची पट्टी (मोजता येणाऱ्या व्होल्टेजची व्याप्ती) वरून आणि खालून दहा-दहा टक्के आखडते, म्हणजे ८० टक्केच उरते, आणि एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते) सुमारे १.९ डीबीने घसरतो. ॲम्प्लिफायर आणि संदर्भ व्होल्टेज (ज्याच्या तुलनेत चिप मोजते ते) एकाच ५ व्होल्टवर चालवायचे असतील तेव्हा ती किंमत मोजायला हरकत नाही. पहिल्या मापनाला ते बंद ठेवा.

साइन वेव्ह लावण्याआधी शांत इनपुट

इथे घाई होते. जनरेटर जोडून एफएफटी (सिग्नलमध्ये कोणत्या वारंवारता किती आहेत हे दाखवणारा आलेख) बघण्याचा मोह आवरा आणि आधी गोंगाट मोजा. दोन्ही इनपुट एकमेकांना जोडायचे, पण ग्राउंडला नाही. या चिपला दोन्ही पायांचं (इनपुटांचं) सरासरी व्होल्टेज संदर्भाच्या निम्मं, म्हणजे २.५ व्होल्ट लागतं, आणि त्यात फक्त ०.१२५ व्होल्ट इकडेतिकडे चालतं. बोर्ड हे २.५ व्होल्ट स्वतः देतो की बाहेरून द्यावं लागतं, हे तुमच्या बोर्डाच्या स्किमॅटिकवर आणि त्यावरच्या जंपरांवर ठरतं. अंदाज करू नका. मल्टिमीटरने एडीसीच्या इनपुटजवळच्या कपॅसिटरांवर मोजा.

‘प्रोसीड टू ॲनालिसिस’ दाबा, नमुने ६५५३६ ठेवा, ‘रन वन्स’ दाबा आणि हिस्टोग्रामचा (कोणता आकडा किती वेळा आला त्याचा) टॅब उघडा. आता काय दिसायला हवं याचा हिशोब: पट्टी उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट, म्हणजे १० व्होल्ट, भागिले १०४८५७६, एक काउंट (चिपची सर्वात लहान पायरी) ९.५४ मायक्रोव्होल्टचा. चिपचा स्वतःचा गोंगाट साधारण ३१.५ मायक्रोव्होल्ट आरएमएस, म्हणजे ३.३ काउंट. डोंगर घंटेच्या आकाराचा, टोकापासून टोकापर्यंत पंचवीस-तीस काउंट रुंद. वीस बिटांची चिप घेतली आणि शेवटचे चार बिट नाचतात, अशी तक्रार करण्याआधी हा हिशोब आठवा. ते बिट नाचणारच. सरासरी काढूनच ते कामाला येतात.

डोंगराला दोन शिखरं असतील तर वेळेनुसार सरकणारं काहीतरी आत शिरलंय. बहुधा मेन्सचा ५० हर्ट्झ.

एफएफटीत ५० हर्ट्झ दिसत नाही, कारण

पूर्ण वेगाने ६५५३६ नमुने घ्यायला ३६.४ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ५० हर्ट्झची दोन आवर्तनंही पुरी होत नाहीत. एफएफटीचा एक बिन (वारंवारतेचा कप्पा) २७.५ हर्ट्झचा, आणि सात पदांची ब्लॅकमन-हॅरिस विंडो (नमुन्यांची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावली की शून्य हर्ट्झच्या शिखराचा पाया सात बिनांपर्यंत, म्हणजे १९२ हर्ट्झपर्यंत पसरतो. ५०, १०० आणि १५० हर्ट्झ तिघंही त्या पायाखाली गाडले जातात. वरून, एसएनआर मोजताना शून्याजवळचे बिन वगळले जातात, त्यामुळे आकडा छान येतो आणि प्रत्यक्ष सर्किटात हम मात्र असतोच.

उपाय सोपा आहे: थ्रूपुट (सेकंदाला घेतले जाणारे नमुने) १ लाखावर आणा, नमुने तेवढेच ठेवा. बिन १.५ हर्ट्झचा होतो, ५० हर्ट्झ तेहेतिसाव्या बिनच्या आसपास उभा दिसतो. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा आणि पुन्हा मोजा. शिखर खाली बसलं तर ग्राउंड लूप होता: चार्जर, १२ व्होल्टचा ॲडाप्टर आणि जनरेटर हे तिघं वेगवेगळ्या सॉकेटांतून जमिनीला भेटत होते. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि त्या सॉकेटचं अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का तेही तपासा. नुसती तीन भोकं असली म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही.

आता साइन वेव्ह

सिग्नल पूर्ण पट्टीच्या उणे अर्ध्या डीबीवर ठेवा: दोन्ही पायांमध्ये मिळून ९.४४ व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे प्रत्येक पायावर ४.७२ आणि दोन्ही १८० अंशांनी उलट. जनरेटरच्या मेन्यूत लोड ‘हाय झेड’ निवडा. तो ५० ओमवर राहिला, तर बोर्डाच्या बफरचा इंपिडन्स मोठा असल्यामुळे पडद्यावरच्या आकड्याच्या दुप्पट व्होल्टेज बाहेर येतं, साइनची डोकी कापली जातात आणि एफएफटीत तिसरा, पाचवा, सातवा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतली शिखरं) रांगेने उभे राहतात.

एकच आउटपुट असलेला जनरेटर एका पायाला लावून दुसरा पाय २.५ व्होल्टवर बांधून ठेवण्याची पद्धत दिसते. चिप त्यानेही आकडे देते, पण अर्धीच पट्टी वापरली जाते. शिवाय कॉमन-मोड, म्हणजे दोन्ही पायांची सरासरी, सव्वा व्होल्ट वरखाली हलतो, जो परवानगीच्या दहापट आहे. त्या मापनातल्या विकृतीचा दोष चिपला देता येत नाही.

वारंवारता गोल १००० हर्ट्झ न ठेवता विषम संख्येच्या बिनवर बसवा. ३७ गुणिले २७.४६५८ म्हणजे १०१६.२४ हर्ट्झ. जनरेटर आणि बोर्ड यांची घड्याळं वेगळी असल्यामुळे हे तंतोतंत जुळणार नाही, म्हणून विंडो लागतेच. पण नमुन्यांची पुनरावृत्ती टळते. विंडो अजिबात न लावता काढलेल्या आलेखात शिखराच्या दोन्ही बाजूंना तंबूसारखा उतार दिसतो, त्यालाच काही जण ‘गोंगाट’ समजतात.

डेटाशीटप्रमाणे एसएनआर १ किलोहर्ट्झला १००.५ डीबी आणि टीएचडी (सगळ्या हार्मोनिकांची मिळून विकृती) उणे १२३ डीबीच्या आसपास. साध्या फंक्शन जनरेटरवर टीएचडी उणे ६५ दिसलं तर घाबरू नका, तो जनरेटरचा स्वभाव आहे. एसएनआरसुद्धा खाली येईल, कारण जनरेटरचा रुंद पट्ट्यातला गोंगाट सरळ आत येतो. डेटाशीटमध्ये एडीसीच्या तोंडाशी दाखवलेला आरसी, २०० ओम आणि १८० पिकोफॅरड, ४.४ मेगाहर्ट्झला कापतो. तो चिपच्या सॅम्पलिंगचे झटके सांभाळण्यासाठी आहे, जनरेटरचा गोंगाट गाळण्यासाठी नाही.

स्वस्तातला इलाज: प्रत्येक पायात १ किलोओम आणि ग्राउंडला १० नॅनोफॅरड. हा १५.९ किलोहर्ट्झला कापतो, १ किलोहर्ट्झवर ०.०२ डीबीच खातो, आणि एसएनआर लगेच सुधारतो. कपॅसिटर सी०जी सिरॅमिकचा किंवा फिल्मचा घ्या. एक्स७आर सिरॅमिकची धारिता (कपॅसिटन्स) व्होल्टेजनुसार बदलते, त्यामुळे तो स्वतःच हार्मोनिक तयार करतो. टीएचडी मात्र या फिल्टरने सुधारणार नाही, कारण २ आणि ३ किलोहर्ट्झ त्यातून सहज निघून जातात. त्यासाठी फक्त १ किलोहर्ट्झ जाऊ देणारा बँडपास किंवा ऑडिओ प्रिसिजनसारखा कमी विकृतीचा स्रोत लागतो.

एफएफटीचा तळ उणे १४० डीबीच्या खाली दिसला म्हणून एसएनआरही तेवढा आला असं नाही. ६५५३६ नमुन्यांत गोंगाट ३२७६८ बिनांत वाटला जातो, म्हणून तळ ४५ डीबीने खाली जातो; विंडो त्यातले साधारण ४ डीबी परत घेते. १००.५ अधिक ४५ उणे ४, म्हणजे तळ उणे १४१ ते १४२च्या आसपास असायला हवा. तुमचा तळ यापेक्षा दहा डीबी वर असेल तर स्रोत तपासा, आणि अचानक फार खाली गेला असेल तर इनपुटची केबल निघालीय का ते बघा.

डेटा बाहेर काढताना

एक्सपोर्टने सीएसव्ही घ्या आणि निदान एकदा तरी स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये हिशोब ताडून पाहा. चिपचे आकडे टूज कॉम्प्लिमेंट स्वरूपात असतात. फाइलमध्ये ५२४२८८ किंवा त्यावरचे आकडे दिसले, तर ते मोठे नसून ऋण आहेत, त्यांतून १०४८५७६ वजा करा. ताळा करायला दोन पायांत १०० मिलिव्होल्टचा फरक द्या. सरासरी १०४८६ काउंट यायला हवी, त्यात ऑफसेट आणि मल्टिमीटरची चूक धरून थोडं इकडेतिकडे. केबली अदलाबदल करून पुन्हा मोजा आणि दोन्ही वाचनांच्या फरकाचं निम्मं घ्या, म्हणजे ऑफसेट निघून जातो.

ही मापनं बोर्ड चालू केल्याबरोबर करू नका, वीसेक मिनिटं तापू द्या आणि पंख्याचा झोत त्याच्यावर येऊ देऊ नका. संदर्भ व्होल्टेज अंशामागे २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) सरकलं, तरी पट्टीच्या टोकाला दर अंशाला एक काउंट हलतो. फाइलच्या नावात थ्रूपुट, नमुन्यांची संख्या, आणि टर्बो, हाय-झेड, स्पॅन कॉम्प्रेशन चालू होतं की बंद, हे लिहून ठेवा; एखाद्या महिन्याने फाइल उघडल्यावर सीएसव्हीतल्या नुसत्या आकड्यांवरून यातलं काहीच कळत नाही.