जर्मनीत पत्त्याची नोंदणी करताना या चुका टाळा

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींचे पहिल्या दोन महिन्यांतले प्रश्न दरवर्षी तेच असतात, आणि त्यांतले बहुतेक एकाच जागी अडलेले असतात. ती जागा म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद, इथल्या बोलण्यात आनमेल्डुंग. राहण्याचा परवाना, आयकराचा क्रमांक, बँकेतले खाते, आणि पुढे कधी भारतीय वकिलातीत पासपोर्टाचे नूतनीकरण करायचे झाले तर तेही, अशा प्रत्येक ठिकाणी या नोंदीचा कागद मागतात. 1 नोव्हेंबर 2015 पासून लागू असलेल्या केंद्रीय नोंदणी कायद्याप्रमाणे घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंद करावी लागते आणि ती न केल्यास 1,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. जे एरवी परदेशात राहतात आणि थोड्या दिवसांसाठीच इथे आले आहेत, त्यांना पहिले तीन महिने सूट आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेल्यांनी ती आपल्यालाही लागू आहे असे धरून चालू नये.

सर्वांत पहिली चूक सवयीतून होते. आपल्याकडे पत्त्याचा पुरावा म्हणजे वीजबिल, नोंदणीकृत भाडेकरार किंवा नोटरीचा शिक्का असलेले प्रतिज्ञापत्र. इथल्या नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर यांतल्या कशानेही काम होत नाही, कारण कायद्याने एकच कागद ठरवून दिलेला आहे: घर देणाऱ्याने सही करून दिलेला दाखला, म्हणजे व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. त्यात घर देणाऱ्याचे नाव आणि पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव असावे लागते. बारा पानांचा भाडेकरार हातात असूनही हा एक पानाचा दाखला नाही म्हणून परत पाठवलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यात कार्यालयाचा काही दोष नव्हता. शहराच्या संकेतस्थळावर याचा छापील नमुना असतो. माझा आग्रह असा आहे की किल्ली हातात घेतानाच तो नमुना घरमालकापुढे ठेवावा आणि सही तिथेच घ्यावी. नंतर ईमेलने मागू म्हणणाऱ्यांचे दोन आठवडे वाट पाहण्यातच जातात.

खोली पोटभाड्याने घेतली असेल तर हा दाखला मूळ भाडेकरूही देऊ शकतो. मात्र त्याने घरमालकाची परवानगी घेतलेली नसेल तर तो सही करायला कचरतो, आणि खरे कारण न सांगता आज देतो, उद्या देतो करत राहतो. म्हणून अनामत रक्कम पाठवण्याआधी एक प्रश्न लेखी विचारावा: या पत्त्यावर माझी नोंदणी होईल ना? उत्तर टाळाटाळीचे आले तर ती खोली सोडून द्यावी, मग ती विद्यापीठापासून कितीही जवळ असो. खोलीच्या जाहिरातीत नोंदणी शक्य नाही असे स्पष्ट लिहिलेले असूनही पैसे भरणाऱ्यांना मी काय सांगणार? आधीच आत राहत असाल आणि घर देणारा दाखला देत नसेल, तर हे लक्षात ठेवावे की दाखला देणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि नकार मिळाला तर ते नोंदणी कार्यालयाला ताबडतोब कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. गप्प बसलात तर उशिराची जबाबदारी तुमच्याकडे येते.

पत्रपेटीवर नाव नसणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की कोणी नवीन आले असे कळले की मी हवापाण्याच्या आधी तिच्याबद्दल विचारतो. जर्मनीत बहुतेक इमारतींमध्ये घरांना क्रमांक नसतात. पत्त्यात रस्त्याचे नाव, इमारतीचा क्रमांक, पिन कोड आणि गाव एवढेच येते, आणि इमारतीच्या दारापाशी आल्यावर पोस्टमन पत्र कोणत्या पेटीत टाकायचे हे त्या पेटीवरच्या नावावरून ठरवतो. नाव नसेल तर पत्र परत जाते. पुण्यात आपला पोस्टमन सोसायटीच्या वॉचमनला विचारतो, शेजारी पत्र ठेवून घेतात. तशी सोय इथे कोणी करील अशी अपेक्षा ठेवू नये.

सांगलीची एक मुलगी श्टुटगार्टजवळ अभियंता म्हणून रुजू झाली. तिची नोंदणी वेळेत झाली होती, दाखला नीट होता, कागदाला कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. तरीही आयकराचा अकरा अंकी क्रमांक, ज्याला सगळे श्टॉयर-आयडी म्हणतात, तो येईना. हा क्रमांक केंद्रीय कर कार्यालय नोंदणीनंतर काही आठवड्यांत टपालाने पाठवते. पाठोपाठ बँकेचे कार्डही आले नाही आणि आरोग्यविम्याचे पत्रही आले नाही. तिने बँकेला फोन केले, विमा कंपनीला फोन केले, कर कार्यालयाला लिहून क्रमांक ईमेलने मागितला. पण तो क्रमांक फोनवर किंवा ईमेलने सांगत नाहीत, पुन्हा मागितला तरी नोंदवलेल्या पत्त्यावर पत्रानेच पाठवतात, आणि ते पत्रही परत जात होते. क्रमांक नसताना कंपनीला काही काळ, जास्तीत जास्त तीन महिने, अंदाजे योग्य त्या करवर्गाने, म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या गटाने, कर कापता येतो. त्यानंतर मात्र सहावा करवर्ग लावावा लागतो आणि त्यात कपात सर्वांत जास्त होते. तिच्या हातात आलेला पगार पाहून ती रडकुंडीला आली होती.

मी तिच्याकडे गेलो तेव्हा जिन्याखाली पत्र्याच्या पेट्यांची रांग होती आणि तिच्या घराच्या पेटीवर मूळ भाडेकरूच्या नावाची कोरलेली पट्टी होती. तिचे नाव कुठेही नव्हते. तिने मात्र सगळीकडे पत्ता देताना इमारतीच्या क्रमांकापुढे फ्लॅट नंबर आणि तिसरा मजला असे लिहिले होते. पोस्टमनच्या दृष्टीने त्या माहितीला काही अर्थ नव्हता, कारण त्या इमारतीत फ्लॅट नंबर अस्तित्वातच नव्हते. आम्ही त्याच संध्याकाळी तिचे आडनाव छापून पेटीवर आणि दाराच्या घंटीवर लावले, आणि क्रमांकाची मागणी नव्याने केली. पत्र या वेळी पोचले. जास्तीचा कापलेला कर पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळाला, पण तोपर्यंत घरी पैसे पाठवायचे तिचे सगळे हिशेब कोलमडले होते.

म्हणून माझी पद्धत सांगतो. नोंदणीला जाण्याच्या आदल्या दिवशीच पेटीवर आणि घंटीवर नाव लावावे, अक्षरे छापील आणि मोठी असावीत, आडनाव पासपोर्टात आहे त्याच स्पेलिंगने लिहावे. चिकटपट्टीने अडकवलेला हाताने लिहिलेला चिटोरा दोन पावसांत जातो. पट्टी बदलायला घरमालकाचा माणूस लागत असेल तर तो येईपर्यंत प्लास्टिकच्या पाकिटात छापील नाव लावावे. दुसऱ्याच्या घरी राहत असाल आणि पेटीवर नाव लावू देत नसतील, तर पत्त्यात त्या व्यक्तीच्या नावासह ‘केअर ऑफ’ लिहिण्याची नोंद करून घ्यावी, पण हा दुय्यम उपाय आहे.

विकतचा पत्ता

घर मिळत नाही, मुदत संपत आली आहे, आणि टेलिग्रामवर कोणीतरी काहीशे युरोंत सही केलेला दाखला देतो म्हणतो. याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या वाटेला जाऊ नये. जिथे प्रत्यक्ष राहणार नाही त्या पत्त्याचा दाखला देण्याला आणि देऊ करण्याला कायद्याने बंदी आहे, आणि तो देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. खोटी नोंद करणाराही सुटत नाही.

नाशिकच्या एका विद्यार्थ्याने एका मोठ्या शहरात हेच केले. खिडकीवर काहीच अडचण आली नाही, कागद दहा मिनिटांत मिळाला, आणि त्याने तो मित्रांनाही सुचवला. काही महिन्यांनी खऱ्या मालकाच्या पेटीत अनोळखी नावांची पत्रे येऊ लागली. आपल्या घरात कोणाची नोंद आहे हे मालकाला नोंदणी कार्यालयाकडून विचारून घेता येते, त्याप्रमाणे त्याने विचारले. कार्यालयाने त्या सगळ्यांची नोंद स्वतःहून रद्द केली. दरम्यान, परवान्याच्या मुलाखतीची तारीख कळवणारे परदेशी नागरिक कार्यालयाचे पत्र त्याच पत्त्यावर गेले होते आणि ते त्या विद्यार्थ्याला कधीच मिळाले नाही. परवान्याची मुदत संपत असताना आपण इतके दिवस कुठे राहत होतो हे त्याला त्या कार्यालयापुढे बसून समजावून सांगावे लागले. त्याला घाई होती हे मला मान्य आहे, तरीही इतक्या मोठ्या जोखमीला ते कारण पुरत नाही. नोंदणी होऊ शकेल अशी तात्पुरती खोली थोडी महाग पडते, पण ती मिळते. विद्यार्थी वसतिगृहे दाखला देतात, सुसज्ज खोल्या महिन्याने देणाऱ्या काही संस्थाही देतात.

भेटीची वेळ मिळत नाही ही तक्रार मात्र खरी आहे, बर्लिनमध्ये विशेषतः. तिथे शहरातल्या कोणत्याही ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, नोंदणी चालते, त्यामुळे घराजवळच्याच कार्यालयाचा हट्ट धरू नये. सकाळी लवकर पान उघडून रद्द झालेल्या वेळा पाहाव्यात. मुदतीनंतरची वेळ मिळाली तरी ती आधी घ्यावी आणि आरक्षणाचा पुरावा जपून ठेवावा. वेळ विकणाऱ्या दलालांना एक पैसाही देऊ नये. ऑनलाइन नोंदणीची सोय आता बऱ्याच शहरांत आहे, पण ती जर्मनीतल्या जर्मनीत घर बदलणाऱ्यांसाठी आहे. परदेशातून पहिल्यांदा आलेल्याला समक्षच जावे लागते.

अर्जातल्या धर्माच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नका. तो रकाना चर्चकरासाठी असतो. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मुलांनी तिथे रोमन कॅथलिक लिहिले की आयकराच्या रकमेवर बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये 8 टक्के, इतर राज्यांत 9 टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. खोटे लिहावे असे मी अजिबात सुचवत नाही, पण त्या शब्दाचा परिणाम सही करण्याआधी माहीत असावा.

राहायला जाण्याआधी नोंदणी होत नाही. घराची किल्ली मिळाल्याची तारीख आणि राहायला गेल्याची तारीख वेगळ्या असतील तर दाखल्यात दुसरी हवी.

कुटुंबासह येणाऱ्यांनी विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला सोबत ठेवावा, आणि कार्यालयाने मागितल्यास शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावे. इथे विवाहस्थिती पत्त्याच्या नोंदीतच लिहिली जाते आणि करवर्ग तिच्यावर ठरतो. ज्यांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांनी तो भारतातून निघण्याआधी दुरुस्त करून घ्यावा.

खिडकीवर कागद छापून हातात दिला की उठण्याची घाई करू नका. नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव कुठे बसले आहे, जन्मतारीख, इमारतीचा क्रमांक आणि त्याच्या पुढचे अक्षर असल्यास ते, राहायला गेल्याची तारीख, हे सगळे तिथेच बसून वाचावे. पुढची सगळी सरकारी पत्रे याच नोंदीवरून निघतात आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करणे सर्वांत सोपे असते. नोंदणीच्या वेळी मिळणारा पोचकागद विनामूल्य असतो. नंतर कोणी नव्याने काढलेला दाखला मागितला तर मेल्डेबेशाइनिगुंग, म्हणजे नोंदणीचा वेगळा दाखला, शुल्क भरून घ्यावी लागते, तेव्हा पहिल्या कागदाची प्रत आधी दाखवून पाहावी.

नोंदणीनंतर रेडिओ-दूरदर्शन शुल्काचे पत्र येते. ते फसवे समजून टाकून देऊ नये. महिन्याला 18.36 युरो हे शुल्क माणशी नसून घरामागे असते, त्यामुळे घरातले दुसरे कोणी भरत असेल तर त्याचा शुल्क भरण्याचा क्रमांक कळवावा.

घर बदलले की पुन्हा दोन आठवड्यांत नवी नोंद करावी आणि परवान्याच्या कार्डावरचा पत्ताही बदलून घ्यावा. जर्मनीतल्या जर्मनीत जाताना जुनी नोंद वेगळी रद्द करावी लागत नाही. देश सोडून भारतात परतताना मात्र ती रद्द करावी लागते, जाण्याच्या आठवडाभर आधीपासून ते गेल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत, आणि रद्द केल्याचा कागद आरोग्यविमा व मोबाइलचा करार बंद करताना हाताशी लागतो, म्हणून तो विमानात बसण्याआधी स्कॅन करून ठेवावा.