रेसिंग सिम्युलेटरसाठी स्टिअरिंग व्हील नीट कसं लावावं

नवीन स्टिअरिंग घेतलेल्या बहुतेकांची पहिली संध्याकाळ सारखीच जाते. खोका उघडायचा, वायरी जोडायच्या, गेम सुरू करायचा आणि पहिल्याच वळणावर गाडी गर्रकन फिरवून घ्यायची. मग वाटतं, यापेक्षा गेमपॅडच बरा होता. हाताला दोष देण्याआधी दोनेक तास जोडणीला द्या. आणि क्रम सोडू नका, कारण बूड हलत असेल तर पुढची सगळी सेटिंग्ज वाया जातात.

आधी सगळं घट्ट बसवा

क्लॅम्प आवळून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे जोरात हिसडा द्या. टेबलावरचा मॉनिटर थरथरला, तर टेबल बदला किंवा भिंतीला टेकवा. पेडलचं मात्र टेबलापेक्षा वाईट असतं. गुळगुळीत फरशीवर जोरात ब्रेक दाबला की पेडल पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे पळते. पेडलच्या मागे लाकडी फळी ठेवून ती भिंतीला भिडवा. खुर्चीची चाकं जुन्या बुटांत घाला. दिसायला हास्यास्पद आहे, पण खुर्ची जागची हलत नाही.

बसताना पाठ टेकवून हात सरळ पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे.

वायर, फर्मवेअर, कॅलिब्रेशन

यूएसबीची वायर हबला नको, थेट कॉम्प्युटरला लावा. कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर (स्टिअरिंगच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. चालू केल्यावर बहुतेक स्टिअरिंग स्वतःहून दोन्ही टोकांपर्यंत फिरून मधोमध येतात. त्या वेळी हात लांब आणि पाय पेडलवरून बाजूला. मध्येच धरलंत, तर त्याचा ‘मध्य’ चुकतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते.

आता विंडोजच्या गेम कंट्रोलर्सच्या खिडकीत एकेक पेडल दाबून पाहा. प्रत्येकाची पट्टी वेगळी हलायला हवी. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच पट्टीवर वर-खाली होत असतील, तर सॉफ्टवेअरमधला ‘कम्बाइन्ड पेडल्स’ हा पर्याय बंद करा.

किती फिरतं ते जुळवा

लॉजिटेक जी२९ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत 900 अंश फिरतं, थ्रस्टमास्टर टी३०० हे 1080. साध्या रस्त्यावरच्या गाडीचं स्टिअरिंग याच आसपास असतं. फॉर्म्युला वनच्या गाडीचं मात्र जेमतेम एक फेरा. म्हणून प्रत्येक गाडीसाठी हा आकडा हाताने बदलत बसू नका. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कंपनीच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये, 900 ठेवा, गेममध्येही 900 सांगा. असेटो कोर्सासारखे सिम पुढचा हिशेब गाडीप्रमाणे स्वतः करतात.

जुळलं की नाही, हे डोळ्यांनी तपासता येतं. गाडी उभी ठेवा, कॉकपिटमधून पाहा आणि स्टिअरिंग बरोबर काटकोनात वळवा. पडद्यावरचं स्टिअरिंगही काटकोनातच थांबलं पाहिजे. पुढे-मागे झालं, तर कुठल्यातरी एका ठिकाणी आकडा चुकलाय.

फोर्स फीडबॅक: इथे घाई नको

फोर्स फीडबॅक म्हणजे टायरवर जे घडतं ते मोटरने स्टिअरिंगमधून हाताला जाणवून देणं. ड्रायव्हरमधली सेंटरिंग स्प्रिंग आधी बंद करा. ती स्टिअरिंगला सतत मधोमध खेचते, टायर काहीही सांगत असला तरी. गेममधून येणारा जोर तेवढा राहू द्या.

आता गेन, म्हणजे या जोराची एकूण पातळी. सुरुवातीला मी तो शंभरावर नेऊन ठेवला होता. जड स्टिअरिंग म्हणजे खरं स्टिअरिंग, अशी माझी समजूत होती. कित्येक महिने हात दुखले आणि पुढची चाकं कधी घसरतात, ते मात्र कधीच कळलं नाही.

त्याचं कारण क्लिपिंग. मोटरच्या ताकदीला मर्यादा असते. गेमने त्यापलीकडचा जोर मागितला, तरी मोटर आपल्या कमाल जोरावरच अडकून राहते. स्पीकरचा आवाज फुल्ल केला की गाणं फाटतं, तसंच हे. वळणाच्या मध्यावर टायर कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चढला काय, घसरायला लागला काय, हाताला सगळं सारखंच जड.

आणि नेमकी तिथेच खरी बातमी असते. वळणात पुढच्या टायरची पकड वाढत जाते तसं स्टिअरिंग जड होतं. पण पकड संपायच्या थोडं आधीच टायरचा स्टिअरिंगला सरळ करणारा जोर उतरू लागतो आणि हातातलं वजन किंचित हलकं होतं. अंडरस्टिअरची, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही गाडी पुरेशी न वळण्याची, ही पहिली खूण. क्लिपिंगमध्ये हा फरक पूर्ण गाडला जातो.

उपाय सोपा आहे. असेटो कोर्सात पेडलचं ॲप पडद्यावर ठेवा. त्यात फोर्स फीडबॅकची पट्टी असते आणि क्लिपिंग झालं की ती लाल होते. एखादं लांब, वेगवान वळण निवडून तिथे पुन्हा पुन्हा जा आणि गेन थोडा थोडा खाली आणा. वळणात पट्टी लाल होता कामा नये. कर्बवर क्षणभर झाली तरी चालेल. आयरेसिंग या सिममध्ये ‘ऑटो’चं बटण आहे. काही लॅप मारल्यावर ते दाबलं की जोर ठीकठाक बसतो.

गिअरवर चालणाऱ्या स्वस्त स्टिअरिंगमध्ये मधोमध एक मुका पट्टा असतो, तिथे काहीच जाणवत नाही. मिनिमम फोर्स, म्हणजे मोटर देते तो कमीत कमी जोर, हळूहळू वाढवा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं की एक पायरी मागे या. डायरेक्ट ड्राइव्हला, म्हणजे थेट मोटरवर बसवलेल्या स्टिअरिंगला, याची गरज नसते. ते हात सोडल्यावर झुलायला लागलं, तर थोडं डॅम्पिंग (हालचाल मंदावणारा विरोध) द्या. त्यावर अंगठे मात्र आऱ्यांत अडकवून धरू नका. गाडी भिंतीवर आदळताना जोराचा झटका बसतो.

ब्रेक

ॲक्सिलरेटर आणि क्लचवर फार डोकं लावू नका, पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत जाते एवढं पाहा. ब्रेकला वेळ द्या. पायाला अंतरापेक्षा दाब जास्त चांगला लक्षात राहतो, म्हणून लोड सेलचा, म्हणजे दाब मोजणारा, ब्रेक बरा. साधा असेल तरी काम होतं. शंभर टक्के ब्रेक अशा दाबाला लावा, जो तुम्ही वीसाव्या लॅपलाही सहज देऊ शकाल. एबीएस नसलेल्या गाडीत चाकं सारखी जाम होत असतील, तर असेटो कोर्सातला ब्रेक गॅमा वाढवा. सुरुवातीचा दाब मऊ होतो.

नजरेचा कोन

मॉनिटर स्टिअरिंगच्या अगदी मागे आणा. 27 इंची पडदा डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर असेल, तर खरा उभा कोन (पडद्याची वरची-खालची कडा डोळ्यांशी करते तो) साधारण 31 अंश येतो, आणि असेटो कोर्सा उभाच कोन विचारतो. पहिल्यांदा डोळ्यांवर झापडं लावल्यासारखं वाटेल, आरसे दिसणार नाहीत. दोन दिवस सोसा. रुंद कोनात वळणं खऱ्यापेक्षा लांब दिसतात आणि ब्रेक कुठे मारायचा याचा अंदाज चुकत राहतो.

पहिले लॅप

सुपरकार नको. माझ्दा एमएक्स-५ सारखी हलकी, कमी ताकदीची गाडी आणि छोटा ट्रॅक घ्या. सलग दहा लॅप मारा, मग एकच सेटिंग बदला आणि पुन्हा दहा मारा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशाने पडला ते कळत नाही. जमलेले आकडे कागदावर लिहून टेबलाला चिकटवा. फर्मवेअर अपडेटनंतर सेटिंग्ज कधी कधी मूळ जागी परत जातात, आणि तेव्हा काटकोनाची तपासणी पुन्हा करावी लागते.