या चुका टाळा: ईपोलवरच्या सर्व्हरमध्ये नवी कनेक्शन्स घेताना

ईपोल म्हणजे अनेक सॉकेटपैकी (कनेक्शनच्या टोकांपैकी) कुठे काही घडलं ते सांगणारी लिनक्सची सोय. तिच्यावर पहिलावहिला सर्व्हर लिहिणाऱ्यांचा ॲक्सेप्टचा, म्हणजे आलेलं कनेक्शन हाती घेणाऱ्या कॉलचा, भाग बहुतेक वेळा चार ओळींचा असतो. इव्हेंट आला, ॲक्सेप्ट केलं, उणे एक आलं तर एरर छापली, नाहीतर नवा सॉकेट ईपोलला जोडला. टेलनेटने, म्हणजे हाताने एक कनेक्शन उघडणाऱ्या कमांडने, दोनदा बघितलं, चाललं, निघाली स्वारी प्रॉडक्शनला. पुढचं जवळजवळ सगळं दुखणं या चार ओळींतलंच आहे.

सगळ्यात महागात पडतं ते डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला किंवा सॉकेटला मिळणारे क्रमांक) संपणं. लिनक्सवर एका प्रोसेसची सॉफ्ट मर्यादा सहसा १०२४ असते. लॉगफाइल, डेटाबेसची कनेक्शन्स, खुद्द ईपोलचा डिस्क्रिप्टर, सगळं त्यातच मोजलं जातं. एररच्या एखाद्या फांदीत क्लोज करायचं राहून गेलेलं असतं आणि तासाला दोन-चार डिस्क्रिप्टर गळत असतात. आठवडाभर कुणाला पत्ता नसतो. मग एका रात्री नवीन कुणीच जोडलं जात नाही, सीपीयू १०० टक्क्यांवर जातो आणि सकाळपर्यंत लॉगने डिस्क भरते. ट्रॅफिक वाढलं असेल म्हणून लोक मोठं मशीन मागवतात. त्याऐवजी एसट्रेस (प्रोसेस कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, करत असलेले कॉल दाखवणारी कमांड) लावून पाहा. ईपोल वेट, ॲक्सेप्ट, ईएमफाइल (प्रोसेसचे डिस्क्रिप्टर संपल्याची एरर), लॉगमध्ये राइट, पुन्हा ईपोल वेट, अशा ओळी धबधब्यासारख्या पडताना दिसतील.

कारण साधं आहे. ॲक्सेप्ट ईएमफाइल देऊन परत आला तरी ते कनेक्शन कर्नलच्या रांगेतून हलत नाही. रांग रिकामी नाही म्हटल्यावर लेव्हल-ट्रिगर्ड (काम बाकी असेपर्यंत दर वेळी सांगणारा) ईपोल लगेच पुन्हा ‘कुणीतरी आलंय’ म्हणून सांगतो. कोड एरर छापतो, कंटिन्यू करतो आणि चक्र सेकंदाला हजारो वेळा फिरतं.

‘यूलिमिट (प्रोसेसची ही मर्यादा ठरवणारी कमांड) वाढवला की झालं’ हा यावरचा लाडका शॉर्टकट. मर्यादा वाढवायला हरकत नाही, १०२४ खरंच कमी पडतात. पण गळती तशीच ठेवून ६५५३६ केले तर तीच रात्र दोन-तीन वर्षांनी येते, आणि तोवर तो कोड कुणाला आठवत नसतो. माझी सवय अशी: सर्व्हर सुरू होतानाच डेव्ह-नल (लिनक्सची कायम रिकामी फाइल) उघडून एक डिस्क्रिप्टर राखीव ठेवायचा. ईएमफाइल आला की तो बंद करायचा, मोकळ्या जागेत ॲक्सेप्ट करायचं, आलेलं कनेक्शन लगेच बंद करायचं आणि डेव्ह-नल परत उघडायचं. समोरच्याला निदान स्पष्ट नकार मिळतो, रांगही पुढे सरकते. अनेक थ्रेड असतील तर मोकळी झालेली जागा दुसराच थ्रेड पटकावू शकतो. तिथे एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची रीत बरी: अशा वेळी ऐकणारा (नवी कनेक्शन्स घेणारा) सॉकेट थोडा वेळ ईपोलमधून काढून ठेवायचा, उदाहरणार्थ ५०० मिलिसेकंद, आणि मग परत घालायचा. एनफाइल ही एरर म्हणजे अख्ख्या मशीनचा कोटा संपलेला. तेव्हा राखीव डिस्क्रिप्टरची खात्री नाही, सॉकेट काढून ठेवायचाच उपाय वापरा. लॉगमध्ये सेकंदाला एक ओळ पुरे.

दुसरी चूक ‘एज-ट्रिगर्ड (नवं काही घडलं तरच सांगणारं) वेगवान असतं’ असं कुठेतरी वाचून आलेल्यांची. ऐकणाऱ्या सॉकेटवर त्यासाठीचा ईपोल-ईटी फ्लॅग लावायचा आणि इव्हेंटमागे एकदाच ॲक्सेप्ट करायचं. तीन कनेक्शन्स एकदम आली तर इव्हेंट एकच येऊ शकतो. बेल एकदाच वाजली, दारात पाहुणे तीन. एकाला आत घेतलं, दोघे बाहेर. चौथा आला की बेल वाजते, पण आत जातो दुसरा. इथून पुढे रांग कायम दोनने मागे चालते. गर्दी असेपर्यंत हा नुसता सुस्तपणा वाटतो. गर्दी ओसरली की शेवटचे दोघे लटकतात. हँडशेक (कनेक्शन जोडणारी सुरुवातीची देवाणघेवाण) कर्नलनेच उरकलेला असल्यामुळे त्यांच्या बाजूला कनेक्ट यशस्वी दिसतो, उत्तर मात्र येत नाही. एका टेलनेटने हे कधीच सापडणार नाही.

ईटी हवंच असेल तर ईएजेन (रांगेत आता कुणी नाही) येईपर्यंत ॲक्सेप्ट फिरवा, आणि त्यासाठी ऐकणारा सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (वाट न बघता परत येणारा) करा, नाहीतर शेवटच्या ॲक्सेप्टवर अख्खा लूप झोपेल. ईआयएनटीआर (कॉल मध्येच सिग्नलने तुटला) आणि ईकनॲबॉर्टेड (समोरच्याने आधीच कनेक्शन सोडलं) आले तर लूप सोडायचा नाही, पुढचं कनेक्शन घ्यायचं. मी ऐकणारा सॉकेट लेव्हल-ट्रिगर्डच ठेवतो आणि एका फेरीत ६४ पेक्षा जास्त घेत नाही, म्हणजे नव्यांच्या लोंढ्यात जुन्यांचा डेटा उपाशी राहत नाही.

ऐकणारा सॉकेट नॉन-ब्लॉकिंग आहे म्हणून नवाही तसाच येईल, हे बीएसडीवर खरं, लिनक्सवर नाही. ॲक्सेप्ट४ वापरा आणि नॉनब्लॉक व क्लोएक्झेक (एक्झेकने दुसरा प्रोग्राम सुरू होताना सॉकेट आपोआप बंद करणारा) हे दोन्ही फ्लॅग त्यातच द्या, २.६.२८ कर्नलपासून ही सोय आहे. क्लोएक्झेक विसरलात तर एक्झेकने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसकडे सॉकेट उघडाच राहतो: तुम्ही क्लोज करता, समोरच्याला फिन (कनेक्शन संपल्याचा निरोप) पोचत नाही.

लिसन कॉलला बॅकलॉग, म्हणजे ॲक्सेप्टची वाट बघणाऱ्या रांगेची लांबी, ५ देणारे अजून भेटतात. तिथे मोठा आकडा दिला तरी कर्नल तो सोमॅक्सकॉन या सिस्टिमच्या कमाल मर्यादेवर कापतो. ५.४ च्या आधीच्या कर्नलवर तो १२८ होता, नंतर ४०९६ झाला. सॉकेटची यादी दाखवणाऱ्या एसएस कमांडने ऐकणारे सॉकेट बघा: रिसीव्ह-क्यूच्या रकान्यात सध्याची रांग, सेंड-क्यूच्या रकान्यात मर्यादा. दोन्ही आकडे भिडले की कर्नल नवे सिन (कनेक्शन मागणारे पहिले निरोप) टाकून देतो आणि क्लायंट सेकंदभराने पुन्हा प्रयत्न करतो. काहींनाच बरोबर एक सेकंद उशीर होतोय अशी तक्रार आली तर आधी इथे पाहायचं.

एसओ-रीयूजॲड्रेस (नुकतंच वापरलेलं पोर्ट पुन्हा घेऊ देणारा पर्याय) बाइंडच्या, म्हणजे पोर्ट ताब्यात घेणाऱ्या कॉलच्या, आधी लावायचा. नंतर लावून रीस्टार्टला ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ आलं की टाइम-वेटला (बंद झालेलं कनेक्शन काही काळ धरून ठेवणाऱ्या अवस्थेला) दोष देऊ नका.

आणि तपासणी टेलनेटने करू नका. यूलिमिट २० वर आणून सर्व्हर चालवा, छोट्या स्क्रिप्टने एकदम ५० कनेक्शन्स उघडून तशीच धरून ठेवा आणि टॉपमध्ये सीपीयू बघा. तो शून्याजवळ राहायला हवा, आणि स्क्रिप्ट थांबवल्यावर नवं कनेक्शन तत्काळ लागायला हवं.