कुर्ली (खेकडा) आधी उलटून बघा: या चुका टाळा

शिनाण्यांत (कालवांसारख्या दोन शिंपांतल्या जिवांत) वाटाण्याएवढा पांढुरका खेकडा निघाला की लगेच ‘शिनाण्याचं पिल्लू सापडलं’ म्हणून फोटो फिरतात. पिल्लू नव्हे, तो वाटाणा-खेकडा. शिनाण्याच्या कल्ल्यांवर गोळा झालेलं अन्न तो आयतं खातो, कल्ले झिजवतो, आणि आतलं मांस भरत नाही. खाणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही.

मला खरा वैताग येतो तो सॅक्युलिनाचा. हा खडकांना-बोटींना चिकटून बसणाऱ्या बार्नॅकलचा भाऊबंद, पण खेकड्याच्या अंगात मुळांसारखे धागे पसरतो आणि पोटावरच्या झाकणाखाली पिवळसर पिशवी बाहेर काढतो. अगदी अंडी असतात त्याच जागी! आमच्याकडच्या एका हौशी पोराने रापणीतून (किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यातून) तीन ठिपक्यांच्या कुर्ल्या ‘अंड्यावरच्या’ म्हणून चढ्या भावाने घेतल्या, टाकीत सोडल्या. पिल्लं फोडून खाडीत सोडायची, असा बेत. काही दिवसांनी पाण्यात बारीक जीव वळवळायला लागले. गडी खूश, रोज यीस्ट घालतोय. मी भिंगातून पाहिलं तर डोक्याला दोन बाजूंना शिंगं. खेकड्याच्या पिल्लाला मोठे काळे डोळे आणि पाठीवर लांब काटा असतो. ही सॅक्युलिनाची पिल्लं. त्यांना आतडंच नसतं, यीस्ट खाणार कशाने? आणि कुर्ल्या उलटल्या तर त्यांत चक्क नर! हा परजीवी नराचं अरुंद झाकण मादीसारखं रुंद करतो, मग नरही ती पिशवी स्वतःची अंडी असल्यासारखी जपतो. चार दिवस उशीर झाला असता तर सगळी टाकी खाडीत गेली असती.

ओळखायला भिंगही लागत नाही. अंडी दाणेदार असतात, झाकणाखालच्या केसांना चिकटलेली, पिकत जातील तशी नारिंगीची काळपट होतात. पिशवी गुळगुळीत, एकसंध, देठावर लटकलेली. बोट फिरवलं की कळतं. पण बोट फिरवायचा धीर कुणाला? सगळ्यांना पहिल्याच हंगामात हॅचरी काढायची असते.

पिशवी कापून कुर्ली बरी होत नाही, मुळं आतच राहतात. तिची वीण संपलेली, वाढही खुंटलेली. पोसण्यात अर्थ नाही. अशी कुर्ली परत पाण्यात फेकू नका. मी सरळ उकळत्या पाण्यात घालतो.

चिखलातल्या खेकड्यांच्या कल्ल्यांवर देठाचे बार्नॅकल बसतात. ते रक्त पीत नाहीत, फक्त श्वासाची जागा अडवतात, आणि कात टाकताना निघून जातात. त्यासाठी फॉर्मलिनची (विषारी जंतुनाशकाची) बादली आणणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवतो. उद्या तो खेकडा कुणाच्या तरी ताटात जाणार आहे.

शेवटची खोड म्हणजे दिसला परजीवी की त्याच्यावर खापर. 1950 च्या सुमारास हॉलंडमध्ये शिनाण्यांची मोठी मर झाली, तेव्हा आतड्यातल्या मायटिलिकोला या लालसर जिवाला दोषी धरलं. पुढच्या अभ्यासांत तो आरोप तेवढा पक्का राहिला नाही. आपल्याकडे दोरावर वाढवलेल्या शिनाण्यांची जूनमध्ये मर होते, ती बहुतेकदा पावसाने खाडीचं पाणी गोडं झाल्याने. काढणी मेअखेर उरकायला हवी होती, पण भाव वाढायची वाट बघत बसलेले लोक वाटाणा-खेकड्याला शिव्या देतात. मी आधी पाण्याचा खारेपणा मोजतो, मग मूठभर जिवंत शिनाणे उघडतो. मेलेल्यांत काय सापडलं त्याला अर्थ नाही. मढ्यावर कुणीही येतं.